आतेची लाखोली

आतेने भात सोडला तेव्हा घरात कुणीतरी दूरदेशी निघाल्यासारखी कळा आली. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती गावाहून मुंबईला भावाकडे आली, मिलच्या वायंडिंग खात्यात लागली आणि लालबागच्या आमच्या दोन खोल्यांवर तिने जे राज्य सुरू केलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मी मॅट्रिकला गणितात एकदा आपटले होते. दुसऱ्यांदा बसायची वेळ आली तेव्हा आतेने मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही, सरळ चाळीच्या गणपतीला नवस बोलून मोकळी झाली. चेडू पास झालं की लाख दूर्वा वाहीन, आणि लाख पुरी झाल्याशिवाय भाताला शिवणार नाही. गणपती तेव्हा चाळीत नव्हताच, शिमग्याचे दिवस होते. पण गॅलरीच्या टोकाला ज्या कोपऱ्यात तो दरवर्षी बसायचा, त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर उभी राहून, हात जोडून तिने हे सांगितलं. तिथे शेजाऱ्यांची सायकल टेकून ठेवलेली होती, तीही तिने आधी बाजूला करायला लावली.

या नवसात एक मेख होती आणि ती फक्त माझ्या लक्षात आली. मी पुन्हा नापास झाले असते तर दूर्वा वाहण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मग आते जन्मभर भाताविना राहिली असती. मी तिला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मग होऊ नको नापास." इतका सोपा उपाय मला गणिताच्या कुठल्याच मास्तरांनी सांगितला नव्हता.

कोकणातल्या माणसाने भात सोडणं म्हणजे काय, हे आतेलाही आधी कळलं नसावं. तिने सोडला तो ताटातला भात. पण मग सकाळची पेज गेली, घावणे गेले, आंबोळी गेली, शिरवाळे गेले. मेला तांदूळ कशाकशात असतो, याचा शोध तिला रोज नव्याने लागायचा. आईने एकदा रविवारी कोंबडी-वडे केले, आते हात धुऊन बसली, वडा मोडला आणि तो तसाच खाली ठेवला. वड्याच्या पिठात तांदूळ होता. त्या दिवशी तिने आणि नाचणीच्या भाकरीने एकमेकींकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी डब्यात नाचणीची भाकरी, रात्री पुन्हा तीच भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. बाबा समोर बसून सोलकढी-भात ओरपायचे तेव्हा आते भिंतीकडे तोंड करून जेवायची. बाबांनी एकदा भीतभीत सुचवलं की दूर्वा गणपतीतच वाहायच्यात, भात मात्र पास झाल्या झाल्या धरायला काय हरकत आहे? आतेने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाबा पान वाढायच्या आतच उठायला निघाले.

मी पास झाले. गणितात काठावर, पण झाले. चाळीत पेढे वाटले गेले आणि संध्याकाळी मिलचा भोंगा वाजला तोसुद्धा मला त्या दिवशी माझ्यासाठीच वाजल्यासारखा वाटला. खाली मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कांडल्या जात होत्या, सगळी चाळ शिंकत शिंकत माझं कौतुक करत होती. आतेने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "गणपतीक अजून किती दिवस?"

लाखोली म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. दूर्वेचा कोवळा शेंडा खुडायचा, तीन पानांचा. असे एकवीस शेंडे एकत्र बांधले की एक जुडी. बाबांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. चार हजार सातशे बासष्ट जुड्या केल्या की लाख भरतात, वर दोन शेंडे उरतात. दूर्वा ओल्या फडक्यातसुद्धा तीन दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणजे सगळं काम चतुर्थीच्या आधीच्या तीन दिवसांतच उरकायला हवं. मजल्यावरच्या बायांनी जुड्या बांधायचं पत्करलं. खुडायच्या कामावर आतेने मला नेमलं आणि माझ्या हाताखाली चाळीतल्या सात-आठ मुली दिल्या. नवस माझ्यापायी होता, तेव्हा कंबर मोडली तर माझी मोडावी, असा त्यात साधा न्याय होता.

मला दूर्वेतलं कळतं अशी आतेची समजूत होती, आणि तिला कारण होत्या परेरा टीचर. आमच्या चाळीच्या पाठीमागे जुनं गावठाण होतं. कौलारू घरं, मध्ये एक क्रॉस, प्रत्येक दारात काहीतरी उगवलेलं. तिथे टीचर एकट्या राहायच्या. कॉलेजात वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या; फुलाफुलांचा झगा, पायात रबरी चपला आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. आते मला त्यांच्याकडे गवती चहाची पात आणायला पाठवायची. दोन पाती घेऊन पाच मिनिटांत परतायचं, असा हुकूम असायचा, आणि मी तासाभराने परतायचे, कारण टीचर फुकट काही द्यायच्या नाहीत. "काय गो, हे कुणाचं भावंड, ठाऊक आहे?" असं विचारून त्या पात माझ्या नाकाशी धरायच्या. माठात टाकायचा वाळा, तो गवताची मुळं. देवळातले भटजी बोटात घालतात तो दर्भ, तेही गवत. गुऱ्हाळातला ऊस, गवत. ज्या बांबूच्या शिडीवरून रंगारी आमची चाळ रंगवत होता तो बांबूही गवत. हे ऐकून मी इतकी हसले की टीचर रागावल्या. मग त्यांनी बांबूचं आणि उसाचं पेर शेजारी शेजारी ठेवून दाखवलं आणि मी दोन्ही पेरं चाचपत बसले. त्या दिवसापासून मला रस्त्याने सरळ चालता येईना. फुटपाथच्या भेगेत, नळाच्या कडेला, मिलच्या भिंतीवर जे हिरवं दिसेल त्याच्यापाशी मी वाकायचे.

ती खोड अजून गेलेली नाही. आता गुडघे ऐकत नाहीत, तरी वाकते. आमच्या चाळीच्या जागेवर जो टॉवर उभा आहे तिथे माझी भाची राहते. खाली एक हिरवळ केली आहे, कुठल्या तरी परदेशी गवताची, एकसारखी कापलेली, तिच्यात बसायला बंदी. परवा त्या हिरवळीच्या कडेला मला देशी दूर्वा उगवलेली दिसली, चांगली वीतभर पसरलेली. माळी तिला तण म्हणून उपटत होता. मी त्याला म्हटलं, बाबा रे, दादरच्या फुलबाजारात हीच घ्यायला लोक पहाटे धावतात. तो म्हणाला, "मॅडम, सोसायटी का ऑर्डर है." मी त्याच्याकडून ती उपटलेली दूर्वा मागून घेतली आणि भाचीच्या खिडकीतल्या कुंडीत लावली. भाची म्हणते, मावशी, तू आलीस की घरात माती होते.

तर आमची खुडणी सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही मैदानाच्या कडा पिंजून काढल्या, इस्पितळामागची मोकळी जागा धुंडाळली, आणि दिवसभर वाकून जेमतेम पंधरा हजार शेंडे जमले. या चालीने लाख कसे व्हायचे? दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाबांच्या मिलच्या मागचं आवार आठवलं. तिथे जुने लोखंडी सांगाडे पडलेले असायचे. बाबांनी दरवानाला सांगून आम्हाला आत सोडलं, आणि मी पाहतच राहिले. सांगाड्यांच्या मधून हिरवंगार, लुसलुशीत गवत माजलं होतं, पावसाने धुऊन निघालेलं, हात लावला की शेंडा हातात यावा असं. मी मुलींना ओरडून सांगितलं, "खुडा गं, खुडा, दोन्ही हातांनी खुडा!" दुपारपर्यंत पोती भरली, लाखाला पुरतील एवढी. चाळीच्या जिन्यावरून ती वर नेताना मी सगळ्यांत पुढे होते, आणि मला कुणी विचारलं असतं तर मी पोत्यावर बसून मिरवणूकसुद्धा काढून घेतली असती. आतेने एक मूठ हातात घेतली. वायंडिंग खात्यात सूत जोडून जोडून तिची नजर कधीच मंदावली होती. तिने ती मूठ गालाला लावली आणि म्हणाली, "काय मऊ गो!" आणि बायांनी दोन्ही दिवसांच्या दूर्वा एकत्र करून जुड्या वळायला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी हरतालिका. बायांचे उपास, त्यात जुड्या बांधून बांधून बोटांना घट्टे. तरी सगळ्या खुशीत होत्या, कारण काम आटोक्यात आलं होतं. दुपारी मी दोन जुड्या घेऊन टीचरांकडे गेले. उगीच, फुशारकी मारायला. टीचरांनी एक जुडी घेतली, सोडली, एक शेंडा दोन बोटांत धरून फिरवला. दुसरा फिरवला. चौथ्या-पाचव्या शेंड्याला त्यांची बोटं थांबली. त्यांनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाल्या. दूर्वेची काडी बोटांत फिरते, गोलसर असते. पान जिथे काडीला धरून असतं तिथे पांढऱ्या बारीक केसांची झालर असते. या काडीला झालर नव्हती, आणि ती बोटांत फिरतच नव्हती. चपटी होती, बुडाशी पांढुरकी. मी दुसरी जुडी सोडली. तिच्यातही चार-पाच तशाच.

"कुठून आणल्यास?" टीचरांनी विचारलं.

"मिलमागून. टीचर, ही दूर्वा नाही?"

"तूच सांग," त्या म्हणाल्या. त्यांची ती सवय मला त्या क्षणी अजिबात आवडली नाही.

गावठाणातून चाळीपर्यंतचं अंतर पाच मिनिटांचं. त्या पाच मिनिटांत मी काय काय विचार केले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. कुणाला कळणार होतं? टीचर काही चाळभर सांगत सुटणार नव्हत्या. बायांच्या नजरेला फरक दिसला नव्हता, आतेला दिसणं शक्यच नव्हतं. गणपती रागावला तर माझ्यावर रागावेल, आणि गणिताचा पेपर तर माझा होऊन गेलेला होता. मी जिना चढले तेव्हा आते दारात सूप घेऊन बसली होती. गावाहून आलेला लाल उकडा तांदूळ ती निवडत होती. उद्याचा. एकेक खडा वेचून बाजूला ठेवत होती आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. आते गुणगुणते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सहा महिने नाचणी खाल्लेलं ते माणूस तांदळात बोटं फिरवत होतं. न सांगावं असं तिला पाहूनच वाटलं, आणि सांगितल्यावाचून राहवेना तेही तिला पाहूनच. हिने सहा महिने एक शीतसुद्धा चोरून खाल्लं नव्हतं.

"आते, मिलमागचं सगळं गवत दूर्वा नाय. त्यात दुसरंही काहीतरी आहे. माझी चूक झाली."

सूप थांबलं. "कितकी?"

"वीसेक हजार असतील. सगळ्या जुड्यांत मिसळलीत."

आतेने तांदूळ डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि डबा फळीवर, पार मागे सरकवला. ते झाकण लावल्याचा आवाज मला तिच्या रागावण्यापेक्षा जास्त लागला. मी रडायला लागले. "रडतंस कशाक?" ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत येळ आसा. त्या परेरीणबायक बोलाव. भिंग घेऊन ये म्हणान सांग."

जुड्या सोडायच्या म्हटल्यावर मजल्यावर जो कल्लोळ झाला त्याचं वर्णन करत नाही. उपाशी बायांना तीन दिवसांचं काम मोडायला सांगणं सोपं नसतं. शेजारच्या मालूमावशी तर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गो सगुणा, गणपती काय भिंग घेऊन बसणार आहे काय?"

"त्येका भिंग कशाक होया?" आते म्हणाली. "मी दूर्वा कबूल केलंय. दूर्वाच देतलंय." आणि तिने स्वतः पहिली जुडी सोडली.

मग जे झालं तशी दुपार मी पुन्हा पाहिली नाही. गॅलरीभर चटया, ओली फडकी, हिरवे ढीग, मध्ये खुर्चीवर परेरा टीचर. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी नाही. ही शिकवेल." जन्मभर दूर्वा खुडलेल्या बायांना मी काडी बोटांत धरून दाखवली. फिरली तर आपली, अडली तर नाही. संशय आला तर भिंगातून झालर बघा. पहिल्यांदा मालूमावशींनीच भिंग डोळ्याला लावलं, फुगून बसलेल्या होत्या तरी, आणि एकदम ओरडल्या, "अगो बाय! हिला तर मिशा आहेत!" की मग भिंगासाठी झोंबाझोंबी. खुदूखुदू हसत, एकमेकींच्या ढिगातल्या चुका काढत, उपास विसरून बाया निवडायला लागल्या. आतेला दिसत नव्हतं, पण बोटांनी सूत ओळखायचा जन्म गेला होता तिचा. डोळे मिटून ती काडी फिरवायची आणि टाकायची, हा ढीग, तो ढीग, आणि तिची एकही चुकली नाही. मी मुद्दाम भिंगाने तपासत होते.

नको असलेला ढीग वाढत गेला. कुणीतरी विचारलं, मग ही बया आहे तरी कोण? टीचर म्हणाल्या, "ही नाचणीची बहीण. रानातली."

आतेचा हात थांबला. "नाचण्याची?"

"सख्खी म्हण."

"मेली पाठच सोडीना माझी!" आते म्हणाली, आणि एवढी हसली की तिला ठसका लागला. सगळी गॅलरी हसली. माझ्या छातीवरचा दगड तेव्हा कुठे हलला.

मोजणी झाली तेव्हा एकोणीस हजार कमी पडत होत्या. चतुर्थीला उजाडता उजाडता आम्ही गावठाणात गेलो, तर टीचरांच्या अंगणात आधीच सात-आठ बायका वाकलेल्या. टीचरांनी रात्रीच घरोघरी निरोप दिला होता. झगे गुडघ्यापर्यंत खोचून, टोपल्या घेऊन गावठाणातल्या बायका आमच्या गणपतीसाठी दूर्वा खुडत होत्या आणि प्रत्येक काडी बोटांत फिरवून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आम्ही नवीन कणसं चर्चमध्ये नेतो ना, तसंच हे." क्रॉसच्या पायथ्याशी सगळ्यांत दाट दूर्वा होती. तिथली खुडावी की नाही म्हणून मी घुटमळले, तर टीचरांनीच वाकून मूठभर खुडली आणि माझ्या टोपलीत टाकली.

गणपती बसला होता. भटजी आतून घाई करत होते आणि गॅलरीत शेवटच्या जुड्या वळल्या जात होत्या. भर दुपारी लाख पुरी झाली. मूर्ती हिरव्यात बुडाली, नुसता मुकुट आणि डोळे दिसत होते. आतेने हात जोडले. तिचं काम झालं होतं. मी नंतरच्या आयुष्यात गवतांवरच शिकले, गवतंच शिकवली, डोंगर-पठारं पालथी घातली. पण माझं पहिलं व्याख्यान मी उपाशी बायांसमोर चटईवर उभी राहून दिलं आणि ते ऐकून कुणी झोपलं नाही. पुढे तसं नेहमीच झालं असं नाही.

त्या दिवशी पंगत गॅलरीतच बसली, गणपतीसमोर. आतेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला परेरा टीचर. केळीच्या पानावर आईने लाल भाताची मूद वाढली, वर वरण, तूप, बाजूला मोदक. आतेने घास केला, वर उचलला, आणि मध्येच थांबली. सगळ्यांचे हात थांबले.

"गो सुलू. बहीण गवत, म्हणजे नाचणी पण गवतच ना?"

"होय आते."

"नि ह्यो भात?"

मी टीचरांकडे पाहिलं. त्या एकदम पानातला मोदक निरखायला लागल्या.

"भातसुद्धा गवतच, आते."

आतेने घास खाली ठेवला नाही. तो तसाच हातात धरून ती हिशेब करत राहिली. "म्हणजे सहा म्हयने मी गवत सोडलंय, गवत खाल्लंय, नि आज देवाक व्हायलंय तांय गवत?"

बाबांनी मान खाली घातली. मालूमावशींनी पदर तोंडाला लावला. मी होय म्हटलं. आतेने मान वळवून त्या हिरव्या ढिगाऱ्यातून दिसणाऱ्या दोन डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"ह्येका सगळां ठावक होतां," ती म्हणाली. "तरी एक शब्द बोललो नाय बघ!" आणि घास तोंडात टाकून, डोळे मिटून, चावता चावताच आईला म्हणाली, "वाढ गो शालन. हात आखडू नको."